दोनदा वाजलेला एक

"चार वाजता चाचणी. एकही दाखला बदलला नाही, तर माझीच लायब्ररी घ्यायची आणि तू या कामातून बाहेर. कबूल?" नानांनी विचारलं.

"कबूल," नवी म्हणाली.

परदेशातल्या त्या इस्पितळाच्या नोंदणी विभागात तेव्हा तिघंच होती. तीस वर्षं प्रोग्राम लिहिणारे नाना. सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेली, म्हणून अजून नवीच म्हणवली जाणारी ती. आणि विभागाच्या प्रमुख मॅडम, ज्यांना आज सही करायची होती. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी नव्या प्रणालीत न्यायच्या होत्या. तारीख-वेळेचं काम कुठल्या लायब्ररीच्या हवाली करायचं, यावर महिनाभर घोडं अडलं होतं.

"मला कळेल असं सांगा," मॅडम म्हणाल्या. "लायब्ररी म्हटलं की मला पुस्तकांची कपाटंच दिसतात."

"दुसऱ्यानं लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम, मॅडम. आपण नुसता वापरायचा. माझी वीस वर्षं चालतेय. एकदम भरवशाची."

"भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, नाना."

मॅडम हसल्या. नाना हसले नाहीत.

नवीनं कागद पुढे ओढला. "या देशात उन्हाळा संपला की वर्षातून एकदा रात्री दोन वाजता घड्याळं तासभर मागे घेतात. त्या रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो. मग 'एक वाजून दहा' म्हणजे कुठलं? पहिलं की दुसरं? वॉर्डातलं यंत्र तशी खूण ठेवतं. नानांची लायब्ररी ती खूण वाचतच नाही. अडली की आपल्या मनानं काहीतरी ठरवते आणि मोकळी होते."

"आणि तुझी?"

"ती फंक्शनल आहे. तिच्यातलं प्रत्येक फंक्शन, म्हणजे कामाचा एकेक छोटा तुकडा, हातात दिलेलं तेवढंच बघतं, परस्पर भिंतीवरच्या घड्याळात डोकावत नाही. तेच दिलं की तेच उत्तर, आज विचारा की दहा वर्षांनी. आणि शंका असली, तर ती दडपत नाही. शंका म्हणूनच परत देते."

"वर्षातला एक तास!" नानांनी हात झटकले. "त्यासाठी सगळा कोड नव्यानं लिहायचा? डोंगर पोखरून उंदीर काढायचा?"

"एका तासात पुष्कळ काही होतं, नाना."

"तुझं बरं आहे. घरी ना पोर ना बाळ. रविवारीही इथेच. आम्हाला संध्याकाळी नातवंडं वाट बघत असतात."

नवीनं पेनाला टोपण लावलं.

"नाना, जरा जपून," मॅडम म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. "पण खरंच, एवढी आच कसली? आधी होतीस का तू या इस्पितळात?"

"एकदाच आले होते. फार दिवस राहिले नाही."

चार वाजले. आठ लाख नोंदी दोन्ही लायब्रऱ्यांतून सोडल्या. प्रत्येक नोंदीचे दोन दाखले निघणार, आणि दोन्हींत फरक दिसला की पडद्यावरचा आकडा पुढे सरकणार.

दोन लाख झाल्या. शून्य.

पाच लाख. शून्य.

नवीनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून ठेवली.

साडेसात लाख. शून्य.

"आवराआवर कर, पोरी," नाना जरा मऊ आवाजात म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नकोस. तरुणपणी मीही असाच हट्टी होतो."

मॅडमनी नानांच्या लायब्ररीच्या मंजुरीचा कागद पुढे घेतला. सहीच्या जागी पेन टेकवलं.

शून्याचा एक झाला.

पुढे तो एकच राहिला. नोंदी संपल्या.

नाना खळखळून हसले. "आठ लाखांत एक! बघू तरी, कोणासाठी हा सगळा थाट मांडलाय." त्यांनी नोंद उघडली आणि मोठ्यानं वाचू लागले. "जन्म एक पन्नास. मृत्यू एक दहा. आता मृत्यू जन्माच्या आधी कसा होईल? म्हणून जुन्या लायब्ररीनं 'मृत जन्म' ठरवून टाकलं. बरोबरच आहे की. आणि नव्या दाखल्यात..." त्यांचा आवाज उतरला. "पहिल्या तासात जन्म. दुसऱ्या तासात मृत्यू. जिवंत जन्म. मुलगी. आयुष्य वीस मिनिटं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"आईला कळवायला हवं," मॅडम हळूच म्हणाल्या. "नाव वाचा, नाना."

नानांनी नाव वाचलं, पण मनातच. मग त्यांनी मान वर केली आणि नवीकडे बघत राहिले.

"रडली होती माझी मुलगी," नवी म्हणाली. "मी ऐकलं होतं."