वॉर्ड आठचा पेला

बापाची उभी हयात भांड्यांवर नावं कोरण्यात गेली होती. पण सैन्यातल्या मुलाच्या उजव्या हाताला गोळी लागल्याचं पत्र आलं आणि त्याची छिन्नी गप्प झाली. पत्र नर्सने लिहिलेलं. हात राहिला की गेला, याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता.

आज इस्पितळातून पार्सल आलं. आत स्टीलचा पेला निघाला, त्यावर कोरलं होतं: ‘वॉर्ड आठ. चहा गार, बाकी मजेत.’

“मजेत म्हणे,” आई डोळे पुसत म्हणाली. “लबाड. आणि अहो, हे त्यानेच कोरलंय कशावरून?”

बापाने अक्षरांवरून बोट फिरवलं. “ही वेलांटी बघ, कशी मोकाट सुटलीये. हिच्यापायी किती ओरडलोय मी त्याला. त्याचीच आहे.”

“पण हाताचं काय? ते कुठे लिहिलंय?”

“अगं, कोरायचं म्हणजे एका हाताने छिन्नी धरावी लागते आणि दुसऱ्याने हातोडी मारावी लागते.”

आईने स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

“देवा, इतकं गचाळ काम जन्मात पाहिलं नाही,” बाप म्हणाला, आणि त्याने पेला कपाळाला लावला.