बारशातला कान

"ताई, बघ, बघ! इरासुद्धा गातेय!" मोबाइल समोर धरून धाकटा भाऊ तिच्याजवळ येऊन ओरडला.

तिने छातीशी धरलेली दोन महिन्यांची भाची गात नव्हती. लालबुंद होऊन, जीभ थरथरवत रडत होती. स्टेजवरच्या ढणढणाटात ते रडणं कुणाला ऐकू येत नव्हतं, एवढंच. घामाने तीट गालभर ओघळली होती. शेजारचा एकजण बिअर सांडत नाचत होता. सिगारेटचा धूर थेट तोंडावर येत होता, पण खरी शिसारी आली ती भावाच्या त्या कौतुकाने भरलेल्या हसण्याची.

"मोकळ्या मैदानात गाणी आहेत, बाळाला धरायला चल," म्हणाला होता. तिला बापडीला वाटलं, भावगीतं असतील! भावजय तर लेकीला तिच्याकडे सोपवून केव्हाच पुढच्या गर्दीत उड्या मारायला गेली होती.

आणि बारशाला? आत्या म्हणून पाळण्यात वाकून तिने याच इवल्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगितलं, तेव्हा हाच खेकसला होता, "हळू गं ताई! तिचे कान किती नाजूक आहेत!"

इराचा एक कान तिने छातीशी दाबला, दुसरा तळव्याने झाकला आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "लाज वाटते का रे जराशी? पोरीच्या कानांचं काय होईल?"

त्याला काही कळलं नाही. मान तिरकी करून त्याने आपल्या कानातला कापसाचा बोळा काढला.

"हां, आता बोल."