कानबाईच्या गोळ्या

कानबाईचा सण दोन दिवसांवर आला होता. देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू दळताना कुणाची पाळी आडवी येऊ नये, म्हणून मोठी आई, दिपमालाची थोरली काकू, घरातल्या बायकांना ती पुढे ढकलायच्या गोळ्या वाटत होती. दहावीतल्या दिपमालाने हात मागे घेतला.

"माझी तीन महिने आलेलीच नाही. आणखी कुठे ढकलू?"

(जातं थांबलं. सगळ्यांच्या डोळ्यांत एकच शंका.)

"असं बघू नका! आईनं धुळ्याला डॉक्टरीणबाईंना दाखवलंय. या वयात मागेपुढे होतं, म्हणाल्या. तपासण्या केल्यात, परत बोलावलंय."

मोठ्या आईने गोळ्यांचं पाकीट मिटलं. (आता ती ओरडणार.)

"माले बी असंच व्हये. डाक्टरले कोनी दखाडं नही. बापनी घाईघाईमां लगीन लाई दिनं."

मग तिने सूप पाखडणाऱ्या स्वतःच्या मुलीकडे, सारिकाकडे पाहिलं. सारिकाच्याही पाळीचा महिनोन्‌महिने पत्ता नसायचा. म्हणूनच तर पुढच्या आठवड्यात तिला बघायला पाहुणे येणार होते.

"दिपमाला, तू परत जाशी तवय सारिकाले बी संगे लई जाय. पाव्हनास्ले मी सांगी देस, आते येऊ नका."