माय खलास

गजेंद्रने मातीचं ढेकूळ फोडलं, हुंगलं आणि स्वारी खूश झाली. "पाह्य मंगला, गहू, लसूण, कांदा, सगळं होईन इथं. डाळिंबं तर हायेतच. दोन बकऱ्या पाळू. ना नोकरी, ना डोक्यावर कोणी अर्बाब!"

ओमानातल्या जबल अख्दर डोंगराच्या उतारावर जानेवारीची थंडी हाडं फोडत होती. मंगलाने स्वेटरवर स्वेटर चढवले होते. खाली सीब शहरात लोकांचे एसी दुरुस्त करता करता नवऱ्याचं स्वतःचं डोकं तापलं की काय, तिला काही उमगेना. बुलढाण्याकडे त्यांचं घर होतं, शेत होतं, आणि तिथे सासू एकटी होती. डोंगरातल्या घराचं ऐकून ती फोनवर एवढंच म्हणाली होती, "घे बापा, तुह्या मनात असंन तर." तेव्हापासून मंगलाला घास गोड लागत नव्हता. आज हे घर ठरलं की गाव कायमचं सुटणार होतं.

गजेंद्र मागच्या खोल्या बघायला गेला. त्याचा फोन म्हाताऱ्या घरमालकाकडे, मजीदकडे, चार्जिंगला लावला होता. मजीदने तो आणून मंगलाच्या हातात ठेवला. मग अंगणातल्या दगडी पाटाकडे बघत तो जड आवाजात म्हणाला, "अव्वल माय वाजिद. अल्हीन माय खलास."

मंगला ओमानात नवी होती. पण खलास कोणाला कळत नाही? आणि घरात सासूला सगळे मायच म्हणत. ती मटकन खाली बसली. "माय गेली हो!"

गजेंद्र धावत आला. बायकोच्या हातात आपला फोन पाहून त्याला वाटलं, गावाहूनच निरोप आला. तो कपाळ बडवू लागला. "अन् मी इथं ढेकळं हुंगत बसलो!"

मजीद चक्रावला. आजवर त्याच्या दुःखाला इतकं कोणी रडलं नव्हतं. त्याचा ऊर भरून आला. गजेंद्रच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "सब्र, सब्र. मतर माफी, माय खलास." आणि त्याने पाटाकडे बोट केलं. पाट कोरडा ठाक होता.

आधी पाणी भरपूर होतं, आता पाऊस नाही, पाणी संपलं. इथल्या अरबीत माय म्हणजे पाणी. गजेंद्रला हे चांगलं ठाऊक होतं, बायकोला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. एरवी तो पोट धरून हसला असता. आत्ता त्याला हसू येईना. त्याने घाईघाईने गावचा नंबर लावला.

"काय रे? मी वावरात हावो," पलीकडून खणखणीत आवाज आला. "घेतलं का घर?"

गजेंद्रने डोळे पुसले.

"नाही. इथं माय नाही."