मच्छिंद्राची पेटी

जाफराबादच्या ऑर्केस्ट्रात मच्छिंद्र बेस गिटार वाजवायचा, पण ढोलकीच्या दणक्यात त्याचा आवाज त्यालासुद्धा ऐकू येत नसे. शेवटी त्याने घरीच स्पीकरची मोठी पेटी बनवली. प्लायवूड करवतीने कापलं, फटी सरसात भुसा कालवून बुजवल्या, वरून काळं रेक्झिन चढवलं. पहिली तार छेडली तशी फडताळातली भांडी हलली, अन् बायको कौसल्या म्हणाली, "आता कळंल लोकायला, तुमी काय वाजवता ते."

नवरात्रात केदारखेड्याला कार्यक्रम होता. स्टेजवर टेबल दिसेना, म्हणून सरपंचांनी देवीचा फोटो, समई अन् नारळ सरळ त्या पेटीवर मांडला. मच्छिंद्र अडवायला पुढे झाला, तर सरपंच म्हणाले, "मंग काय बिघडलं? चौरंगावानी बराबर हाये की."

पूजा झाली, गाणं सुरू झालं. मच्छिंद्राने पहिला सूर लावताच फोटो सरकला, समईची ज्योत थरथरली. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या गोजरबाईने हात जोडले. "तुझं बंद ठिव रे बाबा. देवी हलून राह्यली."

मांडलेली पूजा मध्येच उचलणार कोण? मच्छिंद्राने आवाजाचं बटण पार खाली आणलं अन् शेवटच्या गाण्यापर्यंत मुक्या तारांवर बोटं फिरवत राहिला.

नवरात्र सरायच्या आत, पुढचा कार्यक्रम ठरलेल्या जांब समर्थहून ऑर्केस्ट्राच्या मालकाला निरोप आला.



"गिटारवाला न्हाई आला तरी चालंल, पण तो काळा चौरंग तेवढा आठवणीनं आणा."