खैरेकाकांचा पर्याय

जुन्या संगणकाची नक्कल करणारा सिम्युलेटर सुरू करायच्या कमांडमध्ये मृदुला एकेक पर्याय टाइप करत होती. धरणावरचा जुना संगणक केव्हाच भंगारात गेला होता; महापुराच्या नोंदी असलेल्या त्याच्या डिस्कची एकुलती एक प्रत तिच्याकडे होती. त्या संगणकावर उमेदीची वर्षं घालवलेले निवृत्त खैरेकाका शेजारून म्हणाले, "डिस्कवर काही लिहायचं नाही, तोही पर्याय घाल." तिनं कुरकुरत घातला.

जुन्या यंत्रणेनं आधी तारीख विचारली. तिनं आजची दिली. लगेच पडद्यावर ओळ उमटली : पाच वर्षांपेक्षा जुन्या सर्व नोंदी पुसल्या.

ती ओरडली, "हा नियम कुठल्या शहाण्यानं घातला?"

"मीच. बंद करून परत चालू कर. तारीख तेव्हाचीच, शहाण्णवची दे."

पुसणं डिस्कपर्यंत पोचलंच नव्हतं; महापुराची पाणीपातळी जागच्या जागी होती.

"काका, आधी सांगायचं ना!"

"आठवत कुठे होतं? पण त्या वयातल्या माझ्यावर माझा काडीचा भरवसा नाही."