बशीतला घोट

क्योतोतल्या एका घरात स्वयंपाक शिकवणाऱ्या जपानी बाईंनी उकळत्या सूपचा एक घोट चिमुकल्या बशीत ओतला, बशी हेमलतासमोर धरली आणि खुणेनंच विचारलं, "कसं झालंय?"

हेमलता गडबडली. शिजताना चाखायचं? सासरी देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला काही लावायची सोय नव्हती. मीठमसाला सगळा अंदाजानं. मग पहिला घास घेऊन नवरा काय म्हणतो, ते कळेपर्यंत जीव टांगणीला. सासूबाई गेल्या, देव्हारा मुलाकडे गेला, पण ती धाकधूक काही गेली नव्हती. आत्तासुद्धा तिचं अर्धं लक्ष जेवणाच्या टेबलाकडेच होतं. तिथे नवरा सहलीची बस चुकेल म्हणून सारखा घड्याळ बघत होता.

"यांनाच विचारा ना," ती चक्क मराठीत म्हणाली. बाई हसल्या, बशी मात्र तशीच धरून राहिल्या.

शेवटी तिनं डोळे मिटून घोट घेतला. काहीतरी कमी होतं. आंबवलेल्या सोयाबीनचं ते खारट वाटण तिनं आणखी चमचाभर घातलं, ढवळलं आणि कुणी न सांगता पुन्हा चाखलं. वा!

सगळे जेवायला बसले. नवऱ्यानं वाटी तोंडाला लावली आणि भुवया चढवल्या.

"मीठ हवं होतं जरा."

ती सवयीनं अर्धी उठलीसुद्धा. मग परत बसली आणि स्वतःची वाटी उचलली.

"बरोबर आहे ते," ती म्हणाली. "मी चाखलंय."